उंबरठ्यावर अडकणारी पावलं आणि उशिरा वाजणारा पट्टा

प्रश्न: मी सांगलीत इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजी ७२ वर्षांची, सात वर्षांपासून पार्किन्सन्स. चालता चालता तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, जास्त करून स्वयंपाकघराच्या दारात आणि वळताना. जिना मात्र चढते! तिच्या घोट्यासाठी मी पट्टा करतेय: ईएसपी३२ बोर्ड, हालचाल मोजणारा एमपीयू६०५० सेन्सर, नाण्याएवढी व्हायब्रेशन मोटर, ४०० एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी आणि चार्जिंगला टीपी४०५६. पाय अडकला की सेन्सरने ओळखायचं आणि मोटर वाजवायची. डॅफनेट नावाच्या खुल्या डेटावर मॉडेल शिकवलं, लॅपटॉपवर अचूकता ९४ टक्के येते. पण आजीच्या पायात बांधलं की ती टीव्ही बघत बसलेली असताना वाजतं, अडकते तेव्हा पाऊल सुटून गेल्यावर वाजतं, दोनदा तर वाजलंच नाही. मधूनच बोर्ड रीसेट होतो. मॉडेल बदलू का? चपलेला लेझर लावायचंही डोक्यात आहे. पुढे कॉलेजच्या प्रदर्शनातही मांडायचंय.

उत्तर: मॉडेलला आत्ता हात लावू नकोस. ओळखण्याचं काम महिनाभर बाजूला ठेव आणि आधी एवढंच शोध, की आजीचं पाऊल नेमकं कशाने सुटतं. ते कळलं नाही तर पट्टा वेळेवर वाजूनही फायदा नाही. कळलं, तर ओळखण्याची गरज बरीचशी उरणारच नाही.

तरी त्या ९४ टक्क्यांचा हिशेब करून टाकू, नाहीतर तो डोक्यात राहील. डॅफनेटमध्ये १० रुग्णांच्या आठ तासांहून थोड्या जास्त नोंदी आहेत आणि त्यांतले दोघे प्रयोगात एकदाही अडकलेले नाहीत. अडकल्याचा वेळ एकूण नोंदींच्या दहाव्या भागाच्या आसपास. म्हणजे 'कधीच अडकलं नाही' असं डोळे मिटून सांगणारा प्रोग्रॅमही नव्वदीला टेकतो. शिवाय नोंदींचे छोटे तुकडे पाडून, पिसून, काही शिकवायला आणि काही तपासायला घेतले असशील, तर एकाच माणसाची चाल दोन्हीकडे गेली. एक रुग्ण पूर्ण बाहेर ठेव, उरलेल्या नऊंवर शिकव, असं दहा वेळा कर. आणि अचूकता सोडून दोन आकडे बघ: खरं अडकणं किती पकडलं, आणि न अडकलेल्या वेळी किती गप्प राहिलं. हा डेटा ज्या गटाने जमवला, त्यांच्या २०१० सालच्या यंत्रणेत हे आकडे ७३.१ आणि ८१.६ टक्के होते. तुझा आकडा त्याच्या फार वर गेला, तर आनंद करण्याआधी कोड तपास.

पट्टा उशिरा का वाजतो, त्याचं उत्तर मॉडेलमध्ये नाही, खिडकीत आहे, म्हणजे प्रोग्रॅम एका वेळी नोंदींचा जेवढा तुकडा बघतो त्यात. अडकलेला पाय बऱ्याचदा स्थिर नसतो, गुडघ्यापासून थरथरत असतो. ही थरथर ३ ते ८ हर्ट्झमध्ये (सेकंदाला ३ ते ८ वेळा) येते, चाल ०.५ ते ३ हर्ट्झमध्ये. २००८ मध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी या दोन टप्प्यांतल्या ऊर्जेचं गुणोत्तर काढून अडकणं ओळखायची रीत मांडली, आणि आजही बरीच कामं तिच्यावर उभी आहेत. डॅफनेटच्या नोंदी ६४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६४ नमुने; ४ सेकंदांची खिडकी घेतली असशील तर २५६ नमुने. पाय अडकतो त्या क्षणी या खिडकीत चार सेकंद चांगली चाल भरलेली असते. थरथर तिच्यावर वरचढ व्हायला एक-दोन सेकंद जातातच, आणि आजीचं अडकणं तेवढंच असेल तर पट्टा वरातीमागून घोडं. दोनदा वाजलं नाही, तेव्हा बहुधा पाय थरथरलाच नाही, नुसता खिळला. त्यात ३ ते ८ हर्ट्झमध्ये काही नसतं, त्यामुळे या रीतीने ते सापडणारच नाही.

टीव्हीपुढचं कोडं अजून सोपं आहे. पार्किन्सन्समधला विश्रांतीतला कंप ४ ते ६ हर्ट्झचा, म्हणजे बरोबर त्याच टप्प्यात. आणि खुर्चीत बसलं काय, उभं राहिलं काय, नडगी उभीच राहते. घोट्यावरचा सेन्सर बसणं आणि उभं राहणं यांत फरक करूच शकत नाही. मांडी करू शकते, ती बसल्यावर आडवी होते. पुढे कधी ओळखण्याकडे वळलीस तर दुसरा सेन्सर गुडघ्याच्या वर लागेल हे आत्ताच धरून चाल.

आणखी एक चोर आहे, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नाण्याएवढी मोटर साधारण २०० हर्ट्झने थरथरते. तू सेन्सर बहुधा डॅफनेटसारखाच ६४ हर्ट्झने वाचतेस. अशा वाचनात २०० हर्ट्झची थरथर ८ हर्ट्झ होऊन दिसते (२०० वजा ३ गुणिले ६४), मोटर जरा मंदावली आणि १९६ झाली तर ४ हर्ट्झ. म्हणजे पट्टा एकदा वाजला की स्वतःच्याच थरथरीला 'पाय अडकला' समजून वाजतच राहतो. एमपीयू६०५० च्या आत गाळणी आहे: २६ क्रमांकाच्या (हेक्समध्ये १ए) रजिस्टरमध्ये ४ लिहिलंस की २१ हर्ट्झच्या वरचं बरंचसं आतच गळतं. सेन्सर ±२ जी वर असेल तर ±८ जी वर ने, टाच टेकतानाचा दणका कापला जातोय. आणि मोटर सेन्सरच्या डबीत ठेवू नकोस. ती पट्ट्यावर वेगळी शिवायची, मध्ये दोन बोटांचं अंतर.

आता मुख्य काम. जिना चढणारी आजी सपाटीवर अडकते, कारण पार्किन्सन्समध्ये आपोआप होणारी हालचाल बिघडते. समोर दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या खुणेला धरून केलेली हालचाल बरीच शाबूत असते. पायरी ही अशीच खूण. जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टनी जमिनीवरच्या आडव्या रेघांचा हा परिणाम १९६७ सालीच नोंदवला होता. रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, समांतर रेघांनी काही होत नाही. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरनी आपल्या काकांसाठी याच तत्त्वावर जमिनीवर जिन्याचं आभासी चित्र चिकटवलं होतं. ना बॅटरी, ना कोड.

म्हणून पहिला आठवडा टेप आणि मोबाइल, एवढंच. गोळीचा असर चांगला असताना आजीला १० मीटर सरळ चालायला सांग, पावलं मोज, सेकंद मोज. तीनदा कर आणि मधला आकडा घे. समजा १४ सेकंदांत २५ पावलं, म्हणजे मिनिटाला १०७ पावलं आणि एक पाऊल ४० सेंटीमीटर. हे दोन आकडे पुढे सगळीकडे लागतील. रेघांमधलं अंतर तिच्या पावलापेक्षा जरासं जास्त, इथे ४५ सेंटीमीटर. एकदम ६० ठेवलंस तर ती रेघ गाठायला वाकेल आणि तोल पुढे जाईल. स्वयंपाकघराच्या दाराशी उंबरठ्याच्या अलीकडे तीन आणि पलीकडे दोन पट्ट्या मार, प्रत्येकी ४-५ सेंटीमीटर रुंद. शहाबादी फरशी असेल तर पिवळ्या, पांढऱ्या टाइल्स असतील तर काळ्या. चकचकीत टेप घेऊ नकोस, ओल्या पायाला सरकते. रोजच्या ओल्या फडक्याने टेपच्या कडा उचकटतात आणि मग तीच अडखळण होते, म्हणून उपयोग दिसला की सरळ ऑइल पेंटने रेघा ओढून घ्या. आणि त्या दारातलं पायपुसणं आजच उचल.

दुसरी खूण आवाजाची. मोबाइलवर कुठलंही मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारं) ॲप घे. अडकणाऱ्यांना स्वतःच्या गतीपेक्षा थोडा संथ ठोका मानवतो, साधारण १० टक्के कमी. १०७ चे झाले ९६. ठोका जलद ठेवला तर पावलं आखूड होत होत पळायला लागतात. भजनाच्या तालावर चालवायचा मोह होईल, आणि आजीला ते आवडेलही. फक्त आपली भजनं शेवटाकडे द्रुत होतात, आणि नेमकी तीच घाई तिच्या पायात उतरते. ताल हवा तर सुरुवातीच्या संथ ठेक्याचा तुकडा कापून तेवढाच पुन्हा पुन्हा लाव. बाहेर मेट्रोनोम ऐकवायचाच असेल तर एकाच कानात, दुसरा गाड्यांसाठी मोकळा.

यातलं काय चालतंय ते वहीत उतरव: वेळ, आधीची गोळी किती वाजता, जागा, डावीकडे वळताना की उजवीकडे, हातात काही होतं का, कोणी बोलत होतं का. आठ दिवसांत अडकण्याची जागा आणि वेळ डोळ्यांसमोर उभी राहते. बऱ्याचदा दिसतं ते असं: दुपारच्या गोळीआधीचा अर्धा-पाऊण तास आणि हातात पाण्याचा तांब्या. हे डॉक्टरांना दाखवायचं आहे, कारण गोळ्यांच्या वेळा सरकवून जे साधतं ते कुठलाही पट्टा साधत नाही. वेळा मात्र तुम्ही घरी बदलायच्या नाहीत, आणि चाचणीसाठी गोळी चुकवायची तर मुळीच नाही.

रेघांनी किंवा ठोक्याने पाऊल सुटतंय हे दिसलं की मगच पट्ट्याकडे ये. आता त्याचं काम बदललंय. त्याने अडकणं ओळखायचं नाही, चालणं सुरू असताना ठोका द्यायचा. ९६ च्या गतीला एक ठोका दर ६२५ मिलिसेकंदांनी. त्यात मोटर १५० चालू, ४७५ बंद. १०० च्या खाली जाऊ नकोस, या मोटरला पूर्ण वेग गाठायलाच बराच वेळ लागतो. सुरू कधी करायचा? सेन्सरच्या जायरोत (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागात) नडगीचे सलग तीन झोके दिसले की. पण आजी खुर्चीतून उठल्यावर पहिल्याच पावलाला अडकत असेल तर तेव्हा झोका नसतोच, म्हणून एक बटण हवंच. रुपयाच्या नाण्याहून मोठं, दाबल्याचं बोटाला कळेल असं, कमरेला. कंप असलेल्या हाताला मोबाइलच्या पडद्यावरचं बटण सापडत नाही. बंद करताना सगळेजण हमखास एक चूक करतात: झोके थांबले की लगेच ठोका थांबवतात. अडकल्यावर झोके थांबतातच, आणि नेमकी तेव्हाच ठोक्याची गरज असते! शेवटच्या झोक्यानंतर निदान ३० सेकंद ठोका चालू राहू दे. दिवसभर चालू ठेवायचा पर्यायही नको, माणसाला त्याची सवय होते आणि खूण खूण राहत नाही.

मोटर कुठे बसवायची, हे कोडपेक्षा महत्त्वाचं आहे. घोट्याच्या मागे, टाचेकडे जाणाऱ्या जाड शिरेवर, म्हणजे अकिलीसच्या स्नायुबंधावर, कधीच नको. तिथल्या कंपनाने शरीर पुढे गेल्याचा भास होतो आणि माणूस मागे झुकतो, विशेषतः ८०-१०० हर्ट्झच्या आसपास. पार्किन्सन्समध्ये मागे पडण्याकडे आधीच कल असतो. मोटर बाहेरच्या घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या बाजूला ठेव. त्याआधी आजीला तिथे कंपन जाणवतं का ते बघ. वयाने आणि मधुमेहाने पायाची कंपनाची जाणीव कमी होते. फिजिओथेरपिस्टकडे १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) असतो, दोन मिनिटांची तपासणी. पायाला कळत नसेल तर मोटर मनगटावर ने. ठोका पायातच हवा असा नियम नाही.

रीसेटचं कारण जवळपास नक्की तुझ्या बोर्डावरचा रेग्युलेटर (चिपला ठरावीक व्होल्टेज देणारा भाग). स्वस्त ईएसपी३२ बोर्डांवर एएमएस१११७ असतो, त्याला स्वतःलाच एक व्होल्टच्या आसपास लागतो. ३.७ व्होल्टची बॅटरी ५ व्होल्टच्या पिनला जोडली की चिपला २.७ च्या आसपास मिळतात, आणि मोटर सुरू होतानाच्या झटक्याला तेही खाली बसतात. कमी व्होल्टेज खाणारा रेग्युलेटर लाव, एपी२११२ सारखा. मोटर चिपच्या पिनवरून चालवत असशील तर ते आधी थांबव. मोटर ७५-८० मिलिअँपिअर ओढते, पिन तेवढी देत नाही. बॅटरीवरून थेट, मध्ये स्विचसारखा एओ३४०० मॉस्फेट, मोटरला उलटा १एन५८१९ डायोड, शेजारी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते आणि मोटर ३ ची आहे, म्हणून पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज कमी करणं) ७० टक्क्यांच्या वर नेऊ नकोस. वायफाय-ब्लूटूथ बंद, चिपचं घड्याळ ८० मेगाहर्ट्झवर.

टीपी४०५६ चं तयार मॉड्यूल १ अँपिअरने चार्ज करतं. ४०० एमएएचच्या सेलला हे फार आहे, सेल गरम होऊन फुगतो, आणि हा सेल आजीच्या पायाला बांधायचा आहे. मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लाव, करंट २५० मिलिअँपिअरवर येतो. संरक्षण सर्किट असलेलंच मॉड्यूल घे. सेल कातडीच्या बाजूला नको, बाहेरच्या बाजूला. पट्टा पायात असताना चार्जर लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव.

मोटरच्या तारा केसासारख्या असतात आणि पहिल्या आठवड्यातच सोल्डरपाशी तुटतात. मुळाशी सिलिकॉनचा थेंब आणि तारेला एक सैल वेटोळा दे. पट्टा ४ सेंटीमीटर रुंद इलॅस्टिकचा, आतून सुती अस्तर, वेल्क्रोची काटेरी बाजू पायाकडे नको आणि साडीकडेही नको. बांधल्यावर आत एक बोट गेलं पाहिजे. संध्याकाळी घोटे सुजत असतील तर सकाळचं माप चालणार नाही. काढल्यावर उमटलेला लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा सैल कर किंवा जागा बदल. लोहचुंबकाची बक्कल वापरू नकोस. पुढे कधी आजीला मेंदूतला स्टिम्युलेटर किंवा पेसमेकर बसला तर ती घरात नसलेलीच बरी.

चपलेचा लेझर. नेदरलँड्समध्ये असे लेझरचे बूट १९ रुग्णांवर तपासले गेले. टेकलेल्या पायाच्या बुटातून दुसऱ्या पायापुढे रेघ पडते. औषधाचा असर नसताना अडकण्याच्या वेळा सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाल्या. कल्पना पक्की आहे, पण घर त्यांचं आहे. आपल्याकडे चपला दाराबाहेर राहतात आणि आजी अडकते स्वयंपाकघरात. ती साडी नेसत असेल तर पावलासमोरची रेघ निऱ्यांवर पडते, फरशीवर नाही. गुळगुळीत टाइल्सवरून लेझर वर परावर्तित होतो, आणि 'एक मिलिवॉटच्या आत' असं लिहिलेल्या स्वस्त मॉड्यूलवर विश्वास ठेवता येत नाही. घरात रांगतं मूल असेल तर विचारच नको. दिवसा उन्हात तो दिसतही नाही. फिजिओथेरपिस्टनी आजीला काठी दिलीच असेल तर काठीवरचा हिरवा लेझर हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. रंगवलेल्या रेघा आत्ता तरी त्याहून भारी आहेत.

चाचणी करताना एकच वाट ठरव: खुर्चीतून उठणं, पाच मीटर, स्वयंपाकघराचं दार, आत वळण, परत. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर ठेवून फक्त पायांचा व्हिडिओ घे. एक फेरी पट्ट्याशिवाय, एक पट्ट्यासह, दुसऱ्या दिवशी क्रम उलटा, नाहीतर दुसऱ्या फेरीचा थकवा पट्ट्याच्या नावावर जातो. दिवसाला चार फेऱ्या पुरेत. एकजण कायम आजीच्या हाताशी, जरा मागे आणि बाजूला, आणि तो मोबाइल धरणारा नको. जागच्या जागी गर्रकन वळायला लावू नकोस. त्याने अडकणं हमखास येतं, म्हणून ती चाचणी दवाखान्यातच करू दे. घरात वळण मोठ्या कमानीतून.

आणि अडकलीच तर पट्ट्याकडे बघत बसू नका. ओढायचं नाही, 'चल चल' म्हणायचं नाही. आजीला चार शब्द शिकव: थांब, ताठ हो, डोल, टाक. अडकलेल्या पायावर वजन असेल तर तो उचलणारच नाही. डावी-उजवीकडे डोललं की एक पाय हलका होतो आणि तोच पुढे टाकायचा, मोठा. पुढे दोन्ही पायांना पट्टे केलेस तर त्यांना आलटून पालटून वाजव, याच डोलण्यासाठी.

प्रदर्शनात पट्टा खुशाल मांड, पण तिथे आलेल्या कुणा आजोबांच्या पायात बांधून 'चालून बघा' म्हणू नकोस. घराबाहेरच्या रुग्णांवर तपासायचं असेल तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तुझ्या गाइडना ठाऊक असतील. विकायचं ठरलं तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात, तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे. त्याआधी पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात जाऊन नुसतं ऐक. पट्टा कसा बांधायचा हे नाही, तो एका हाताने कसा सोडायचा हे तिथे पहिल्यांदा विचारतील.